तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ

नागपुरात सरकारी दवाखाना मेडिकल असो, मेयो असो की डागा, बाळंतपण साधं झालं असेल तर दोन दिवसांच्या आसपास सुट्टी होते. कार्ड आणि गोळ्यांची पिशवी हातात पडते, ऑटो दारात लागतो. घरी आल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, शेजारणी येऊन बाळ कोणावर गेलं ते ठरवून जातात, आणि संध्याकाळ होते. मग बाळ रडायला लागतं. पाजलं तरी रडतं. कालपर्यंत मऊ असलेले स्तन आज दगडासारखे ताठलेले असतात. बाळाच्या तोंडात बोंड ठरत नाही, धरतं आणि सुटतं, धरतं आणि सुटतं. रात्री नऊच्या सुमारास घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘‘दूध पुरून नाही राहिलं लेकराले.’’ दहा वाजता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पावडरीचा डबा घरात येतो.

हे प्रकरण त्या संध्याकाळबद्दल आहे. स्तनपानावर भिंतीवर लावायला पोस्टर पुष्कळ आहेत, भाषणंही पुष्कळ होतात. पण आईचं दूध टिकणार की आटणार, याचा निकाल बहुतेक घरांत पहिल्या आठ-दहा दिवसांतच लागतो. त्या दिवसांत तिच्याजवळ येऊन बसणारं माणूस आहे की नाही, यावर तो अवलंबून असतो. आशाताई, अंगणवाडी सेविका, उपकेंद्राच्या सिस्टर ही ती माणसं.

आधी त्या संध्याकाळी शरीरात काय चाललेलं असतं ते पाहू. बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर असतो आणि येतो अगदी थोडा. एका वेळेला चमचा, दीड चमचा. पहिल्या दिवशीच्या बाळाची जठराची पिशवीही तेवढीच, एका वेळी पाच-सात मिलिलीटर मावेल एवढी. म्हणजे कमी वाटणारा चीक बाळाच्या मापाचाच असतो. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळी वाट मिळते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येतं. दुधाबरोबर रक्त आणि पाणीही स्तनात वाढतं, म्हणून ते ताठतात. बोंडाभोवतीचा काळा भाग फुगून कडक झाला की बाळाच्या छोट्या तोंडात तो शिरत नाही. बाळ नुसतं बोंड चोखतं, दूध निघत नाही, आणि ते चिडून रडतं.

म्हणजे ‘दूध नाही’ असं घरात ज्या संध्याकाळी ठरतं, त्या संध्याकाळी दूध भरपूर आलेलं असतं. ते बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचत नसतं, एवढंच. हातानं थोडं दूध काढून काळा भाग मऊ केला की दहा मिनिटांत बाळ धरू लागतं. हे आईला कोणी दाखवलेलं नसतं. डबा आला की बाळाचं पोट भरतं, ते चार तास झोपतं, स्तन रिकामे होत नाहीत, आणि साचलेल्या दुधातूनच शरीराला ‘आता कमी कर’ असा निरोप जातो. आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होतं. तेव्हा आजी म्हणते, ‘‘मी म्हटलं नव्हतं?’’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांच्या आतली, फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं होती ६३.७ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत आली, बाळ मात्र छातीपर्यंत आलं नाही. यात दवाखान्यांची जबाबदारी आहेच, आणि ती मोठी आहे. मात्र दवाखाना आईच्या वाट्याला दोन दिवस येतो. पुढचे सहा महिने ती घरात काढते.

घरापर्यंत जाण्याच्या या विचाराचा मोठा पुरावा आपल्या विदर्भातूनच जगासमोर गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरच्या मेडिकलचे विद्यार्थी. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारल्यावर त्यांनी गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, पाजणं पाहायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. ३९ गावांत हे काम झालं. नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आला. १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. या घटीचं श्रेय एकट्या स्तनपानाला देता येणार नाही, जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा त्यात मोठा वाटा आहे. पण गावातली साधी बाई योग्य दिवशी बाळंतिणीच्या घरी पोहोचली तर काय होतं, हे त्या ३९ गावांनी दाखवलं.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात मेक्सिको सिटीच्या कडेच्या एका वस्तीतला प्रयोग छापून आला होता. तिथं शिकवून तयार केलेल्या साध्या बायका गरोदर आणि बाळंत बायांच्या घरी जात. ज्यांच्याकडे सहा भेटी झाल्या, त्यांच्यातल्या ६७ टक्के आया तीन महिन्यांनंतरही बाळाला फक्त अंगावर पाजत होत्या. तीन भेटीवाल्या ५० टक्के. ज्यांच्याकडे कोणीच गेलं नाही, त्यांच्यात १२ टक्के. हे आकडे मी तायांच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते तेव्हा वर्ग गप्प होतो. बारा आणि सदुसष्ट यांच्या मध्ये फक्त सहा वेळा दार वाजवणं आहे.

आपल्याकडे २०११ पासून आशाताईंसाठी ठरलेल्या नवजात बाळाच्या गृहभेटीही सहाच आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. पाचवीची पूजा, बारसं, सव्वा महिना ही घराची दिनदर्शिका आणि ही आशाताईंची. दोन्ही बाळंतिणीभोवतीच फिरतात. ज्या ताया अनुभवी आहेत त्या दोन्हींचा मेळ घालतात. पाचवीच्या दिवशी घरात सगळ्या मोठ्या बाया जमलेल्या असतात, मग सातव्या दिवसाचं बोलणं त्या दिवशीच थोडं पेरून ठेवतात.

तिसऱ्या दिवसाची भेट अगदी मोक्याची. दूध भरून येण्याचा, स्तन ताठण्याचा आणि डबा येण्याचा दिवस हाच. ही भेट पाचव्या दिवसावर गेली तर बरेचदा डबा आधी पोहोचलेला असतो.

आता त्या भेटीत करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे: सल्ला नंतर, आधी एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहायचं. ‘दर दोन-तीन तासांनी पाज, रात्रीचं पण पाज’ हे कार्डावर छापलेलं असतं, आईनं ते दवाखान्यातही ऐकलेलं असतं. चुकीच्या पकडीनं दहा वेळा पाजलं तर दहा वेळा बोंड सोलवटतं आणि दहा वेळा बाळ उपाशी राहतं.

अशी एक भेट डोळ्यांसमोर आणू. उत्तर नागपुरातली वस्ती, दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत दिवाण, मागं चूल-गॅस. ताई सकाळी अकराला पोहोचते. हात साबणानं धुते आणि खाली सतरंजीवर बसते, खुर्ची दिली तरी. खुर्चीवरचं माणूस तपासणीला आल्यासारखं वाटतं. घरातल्या पुरुषांना ती सहज म्हणते, ‘‘दादा, जरा बाहेर बसता का, आम्ही बाया बाया बोलतो.’’ बाळ झोपलेलं आहे. ती त्याला उठवायची घाई करत नाही, आईशी बोलते. रात्री किती वेळा उठली, जेवली काय, टाके दुखतात का. बाळ चुळबुळ करू लागतं, मूठ तोंडाकडे नेतं, मान इकडे-तिकडे वळवून काहीतरी शोधतं. ‘‘आता घे,’’ ताई म्हणते. रडं सुरू व्हायच्या आधीच पाजायला घ्यायचं असतं. रडून लाल झालेलं बाळ नीट धरत नाही.

आई दिवाणाच्या कडेला बसते, पाय लोंबकळत. बाळ मांडीवर उताणं, तोंड तेवढं स्तनाकडे वळवलेलं. आई वाकते आणि दोन बोटांची कात्री करून बोंड बाळाच्या तोंडात घालते. दातओठ आवळून श्वास रोखते. तो रोखलेला श्वास ताईला सगळं सांगून जातो. आपण मान कडेला वळवून पाणी पिऊन पाहिलं तर कसं वाटतं? बाळाचं तेच होत असतं.

ताई बाळाला हात लावत नाही. दुपट्याची गुंडाळी करून तिचं बाळ करते आणि स्वतःच्या छातीशी धरून दाखवते. पाठीला उशी, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले. बाळाचं पोट आईच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत. मानेला नुसती बोटं नाहीत, खांद्यांमागून पूर्ण हाताचा आधार. उजवीकडचं पाजायचं तर बाळ डाव्या हातावर तोललेलं आणि उजवा हात स्तनाला आधार द्यायला मोकळा. ही आडवी पकड लहान बाळांसाठी फार उपयोगी. आयआयटी मुंबईत काम करणाऱ्या डॉ. रूपल दलाल यांनी तिचे बारकावे महाराष्ट्रातल्या पुष्कळ आरोग्यसेविकांना शिकवले आहेत. बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, खालच्या ओठाला बोंड हलकेच लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं त्या क्षणी त्याला जवळ ओढायचं. स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळ स्तनाकडे आणायचं.

या वेळी हनुवटी स्तनात रुतते. खालचा ओठ बाहेर उलटतो. काळा भाग वरच्या बाजूला दिसतो, खाली जवळपास दिसत नाही. गाल फुगीर राहतात, खळी पडत नाही. सुरुवातीला भरभर चोखणं, मग पान्हा फुटतो आणि चाल बदलते: एक चोखणं, एक घोट, छोटा थांबा. कान दिला तर ‘क्’ असा अगदी बारीक आवाज येतो.

‘‘ऐक,’’ ताई म्हणते, ‘‘गिळून राहिलं.’’

या दोन शब्दांनी बाळंतिणीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. तिला आपलं दूध दिसत नसतं. गायीचं दूध भांड्यात मोजता येतं, डब्यातलं बाटलीच्या रेघांवर मोजता येतं, अंगावरचं मोजायचं कसं? तिच्या मनातल्या शंकेचं मूळ इथं आहे. म्हणून ताईनं तिला मोजायची दुसरी मापं द्यायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी. शी काळी होती ती हिरवट होऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतर रोज वीस-तीस ग्रॅम. ताईच्या पिशवीतला वजनकाटा मी औषधाइतकाच मोलाचा मानते. आकडा आजीनं वाचावा असा धरावा.

आणि पान्ह्याबद्दल आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं ते विज्ञानानंही मान्य केलं. पान्हा ऑक्सिटोसिनमुळे फुटतो. बाळाच्या आवाजानं, वासानं, नुसत्या आठवणीनंही तो फुटतो. भीती, वेदना आणि अपमान त्याला अडवतात. ‘‘तुला दूधच नाही’’ हे वाक्य रोज ऐकणाऱ्या बाईचं दूध उतरायला वेळ लागतो, तो यामुळेही.

म्हणून आजीशी वैर घेऊन चालत नाही. नव्या ताया इथं चुकतात. आजी गुटी उगाळत बसलेली असते, सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा, एकेकाचे मोजून वेढे. ताई येते आणि म्हणते, हे सगळं बंद. आजीच्या हातातलं एकमेव मानाचं काम तुम्ही काढून घेतलं, आणि तुम्ही गेल्यावर दहा मिनिटांत ते पुन्हा सुरू होणार. मी तायांना सांगते, आधी आजीला विचारा की तुमच्या वेळी कसं होतं. बहुतेक आज्यांनी चार-चार लेकरं अंगावर वाढवलेली असतात, दीड-दोन वर्षं पाजलेलं असतं. ते त्यांच्या तोंडून सुनेच्या देखत येऊ द्या. मग सांगा की सहाण, पाणी, बोट यांतून जंतू जातात, पोट भरतं आणि बाळ तेवढं कमी ओढतं. मधाचं बोटही वर्षाच्या आत धोक्याचं. आणि आजीला दुसरं काम द्या. सुनेला दर पाजण्याच्या आधी तांब्याभर पाणी, पोटभर जेवण, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, आणि बाळाला छातीशी धरून बसणं. आजीच्या उघड्या कातडीची ऊबही बाळाला चालते.

नागपुरात आणखी एक लढाई लढावी लागते, पाण्याची. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरची ओली घोंघों घरभर असते. अशा दिवसांत दोन महिन्यांच्या बाळाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे सांगणारी ताई घरच्यांना निर्दय वाटते. ‘‘आपल्याले घसा कोरडा पडते, त्या लेकराचं काय?’’ प्रश्न मायेतून आलेला आहे, त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, आणि पाजण्याच्या सुरुवातीला येतं ते दूध जास्त पातळ, तहान भागवणारं. भारतातल्याच उष्ण, कोरड्या भागात निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासून पाहिली गेली आहे. १९९० साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वरून पाणी न देताही बाळांच्या शरीरातलं पाणी पुरेसं होतं. उलट, वाटीभर पाण्यानं पोट भरतं आणि तेवढं दूध हुकतं. पाणी दूषित असलं तर जुलाब. त्यामुळे नवतप्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं, कमी-कमी वेळ चाललं तरी हरकत नाही, आणि पाणी प्यायचं आईनं. माठ तिच्या हाताशी ठेवा. अंगावर घेताना मध्ये पातळ सुती कपडा चालतो. बाळ मलूल झालं, अंग तापलं, लघवी कमी झाली तर मात्र घरी वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा.

आणखी एक समजूत: बाई उन्हातून आली की तिचं दूध ‘तापलेलं’ असतं, ते आधी काढून टाकावं. बांधकामावर, भाजीच्या ठेल्यावर काम करणाऱ्या बाया हे प्रामाणिकपणे करतात. दूध शरीराच्या तापमानालाच राहतं. तिनं बसावं, पाणी प्यावं, घाम पुसावा आणि पाजावं. तिच्या दिवसातली ती पंधरा मिनिटं वाया गेली तर तिच्याकडे दुसरी पंधरा मिनिटं नसतात.

कामावर जाणाऱ्या आईला हातानं दूध काढायला शिकवणं हे ताईचं मोठं काम. स्वच्छ वाटीत काढायचं, झाकायचं, बाटलीनं नाही तर वाटी-चमच्यानं किंवा जुन्या बोंडल्यानं पाजायचं. थंडीच्या दिवसांत खोलीत चार तास ठेवता येतं; आपल्या उन्हाळ्यात एवढा वेळ धरू नये, शेजाऱ्यांचा फ्रिज असेल तर तो वापरावा. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. बांधकामाच्या पाटीखालच्या बाईपर्यंत यातलं जवळजवळ काहीच पोहोचत नाही. नागपुरात अशा कामांवर छत्तीसगडहून आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यांचं नाव कोणत्याच ताईच्या यादीत पक्कं नसतं. माझ्या मते यादीत घ्यायची पहिली नावं हीच.

यादीचा असाच प्रश्न माहेराचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नाव सासरच्या वस्तीत नोंदलेलं, बाळंतीण वडसा नाही तर काटोलच्या माहेरी. सासरची ताई म्हणते ती इथं नाही, माहेरच्या ताईला कोणी कळवलेलं नाही, आणि तिसरा दिवस दोघींच्या मधून निसटतो. ज्या ताया सातव्या महिन्यातच विचारून ठेवतात की बाळंतपणाला कुठं जाणार, आणि तिथल्या ताईला एक फोन करतात, त्यांनी अर्धं काम आधीच केलेलं असतं.

आपल्या भागाला या कामाची परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांना तरुणपणीच वैधव्य आलं, त्या नर्स झाल्या, आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीनं नागपुरात ‘मातृ सेवा संघ’ सुरू केला. बाळंतपण म्हणजे विटाळ मानण्याच्या काळात शिकलेल्या बायांनी बाळंतिणीच्या उशाशी बसायचं हे धाडस होतं. पुढं सत्तर वर्षांनी, ३ डिसेंबर १९९१ला, इथून ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्यात ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, संसदेनं शिशुदुग्धपर्यायांवरचा कायदा केला. त्यानुसार डब्याची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, आणि आरोग्यसेवकाला कंपनीकडून भेटवस्तू किंवा नमुने घेता-वाटता येत नाहीत. प्रत्येक ताईला हा कायदा ठाऊक असला पाहिजे. तिच्या पिशवीत कोणी फुकटचा डबा सरकवला तर ‘नको’ म्हणायला तिच्यामागं १९९२ सालचा कायदा उभा आहे.

आता थोडं कठीण. सगळं नीट करूनही काही बाळांचं वजन वाढत नाही. काही आयांना गंभीर आजार असतो, काहींची जुळी अडीच महिने आधी जन्मतात, काही बायांचं बाळंतपणानंतर मन इतकं खचतं की बाळाकडे पाहवत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वरचं दूध द्यावं लागलं तर ते द्यायचं, आणि त्या आईला अपराधी करायचं नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. ताईनं निवाडा करू नये, तिनं वेळेवर पाठवावं. बाळ ओढत नाही, अंग गार पडलं, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे झाले. आईला ताप आहे, स्तनाचा एक भाग लाल आणि दुखरा झालाय. यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना, आणि जमेल तर ताई सोबत. ताप आणि गाठ असली तरी पाजणं सहसा थांबवायचं नसतं. थांबवलं तर गाठ पिकू शकते. हे न सांगता पाठवलं तर आई आठ दिवस पाजणं बंद करून येते.

हे सगळं जिच्याकडून अपेक्षित आहे, तिला काय मिळतं? २०११ मध्ये गृहभेटींची योजना आली तेव्हा सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. एक पाजणं पूर्ण पाहायला पाऊण तास लागतो. त्याच दिवशी तिला लसीकरणाची यादी, क्षयरोगाचं सर्वेक्षण, मीटिंग आणि मोबाइलवरची नोंद असते. फॉर्मवर ‘स्तनपानाबाबत समुपदेशन केले’ या रकान्यात टिक करायला चार सेकंद पुरतात. त्या टिकचा आणि सतरंजीवरच्या पाऊण तासाचा भाव एकच असेल, तर थकलेल्या बाईनं टिक निवडली म्हणून तिला मी दोष देणार नाही. तिच्या कामाचा भार कमी करा, पैसे वाढवा, आणि पर्यवेक्षिकेनं फॉर्म तपासण्याऐवजी महिन्यातून दोन भेटींना तिच्यासोबत जाऊन बसावं. शिकणं तिथं होतं.

बेचाळिसाव्या दिवसानंतर एक पोकळी येते. २०१८ पासून लहान बाळांच्या भेटींचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातली पहिली भेट तिसऱ्या महिन्याची. दीड महिन्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कागदावर दार वाजवणारं कोणी नाही. नेमकी याच काळात बाई माहेरहून सासरी येते, ताठणारे स्तन मऊ होतात आणि तिला वाटतं दूध संपलं. खरं तर शरीरानं बाळाचं माप ओळखलेलं असतं. याच सुमारास कधीतरी बाळ दोन दिवस सतत मागतं, तासातासाला, आणि शरीराला जास्त दूध करायला लावतं. घरात पुन्हा ती जुनी संध्याकाळ होते.

बेचाळिसाव्या दिवशी निघताना काही ताया कार्डाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात आपला नंबर लिहून देतात. बाळंतिणीला सांगतात, ‘‘डबा आणायच्या आधी मले फोन कर. रात्रीचे दहा असले तरी कर.’’ आणि जिच्या शब्दावर तो डबा आणायचा निर्णय होणार असतो, त्या आजीच्या हातात ते कार्ड देऊन जातात.